गढूळ पाण्यातली सरळ रेघ

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. भावसिंगपुऱ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत पप्पांचा छापखाना होता आणि मागच्या खोलीत आम्ही राहायचो. मधल्या भिंतीला दार नव्हतं, जुन्या साडीचा पडदा होता. त्यामुळे शाईचा वास भाकरीला लागायचा आणि सुकटीच्या फोडणीचा वास कागदाला. पायानं चालवायच्या जुन्या यंत्राची खडाक-खट, खडाक-खट ऐकल्याशिवाय मला झोप येत नसे. यंत्र थांबलं की उलट मी जागी व्हायचे. मोर्चांची, सभांची, संपांची पत्रकं वाचत मी अक्षरं शिकले. 'माझा आवडता प्राणी' या निबंधाचा शेवट मी 'म्हणून बंधूभगिनींनो, आता तरी जागे व्हा' असा केला, तेव्हा बाईंनी खाली लाल शाईत एवढंच विचारलं होतं, 'कुणी?'

मी कॉलेजात गेले तोवर अक्षरजुळणी कॉम्प्युटरवर आली होती. शिशाचे खिळे, म्हणजे एकेक अक्षर कोरलेले ते छोटे तुकडे, लाकडी खणांमध्ये धूळ खात पडले होते. भंगारवाला दर महिन्याला विचारून जायचा आणि पप्पा दर महिन्याला त्याला चहा पाजून परत पाठवायचे. पत्रकांचा मजकूर आता मी लिहायचे. मला वाटायचं की सरळ, ठाम आणि मोठ्या अक्षरात सांगितलं की माणसाला पटतंच. अजूनही थोडंसं वाटतं, खोटं कशाला बोलू.

अशात एक दिवस मोरे सर छापखान्यात आले. नौदलातून निवृत्त झालेले, बुटके, मानेनं जाड. शहरात राहून ते तरुणांचं एक पथक उभं करत होते. विहिरीत, तलावात, खदानीत कुणी बुडालं तर हवेची टाकी पाठीला लावून खाली उतरणारं. शिकायला येणाऱ्या पोरांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांना मराठीत छोटी पुस्तिका हवी होती, पाण्याखाली वाट कशी शोधायची याची. पप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी त्यांचे कागद घेतले आणि आठवड्याभरात मजकूर तयार केला. पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं, 'होकायंत्रावर निष्ठा ठेवा. काटा विकला जात नाही, काटा कुणाला घाबरत नाही.' सरांनी उभ्या उभ्या वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "ताई, होकायंत्र निवडणुकीला उभं राहतंय का?"

पप्पा यंत्रामागे तोंड लपवून हसले. मला राग आला. मी म्हणाले, चूक काय आहे ते दाखवा. सर म्हणाले चूक एवढीच आहे की लिहिणारीनं पाण्याखाली डोळे उघडलेले नाहीत. "वर बसून पाण्याबद्दल लिहिणारे लई झाले. उतर, मग लिही."

मला पोहता येत होतं. मामाच्या गावी, विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून शिकले होते. पण आमच्या घरात पाणी हा विषय कधीच नुसता पाण्याचा नव्हता. पप्पांच्या आजीला गावच्या विहिरीवर पोहरा टाकता येत नव्हता. कुणीतरी वरून ओतेल म्हणून ती घागर घेऊन ऊन उतरेपर्यंत बसायची. त्यामुळे मी टाकी लावून तळापर्यंत जाणार हे ऐकल्यावर आई घाबरली आणि पप्पा मात्र दोन दिवस येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले. तिची पणती पाण्यात उतरणार नाही, पाण्याच्या खाली जाणार, असं ते म्हणायचे आणि गिऱ्हाईक म्हणायचं, बरं, पण माझी लग्नपत्रिका कधी मिळणार.

पहिले धडे पाण्यात झालेच नाहीत. ते आमखास मैदानावर झाले. सरांनी आमच्या डोळ्यांना फडकी बांधली आणि समोरच्या कडुलिंबाकडे सरळ चालत जायला सांगितलं. एकही जण झाडापाशी पोचला नाही. प्रत्येक जण वळत गेला, कुणी उजवीकडे, कुणी डावीकडे, आणि प्रत्येकाची खात्री होती की आपण सरळ चाललोय. मी चहाच्या गाडीला जाऊन धडकले. फडकं काढलं तर शेजारी एक उंच, सडपातळ मुलगा माझ्याआधीच तिथे धडकून उभा होता. तो म्हणाला, "पत्रकवाली है ना? मग डावीकडंच जाणार की." हा इरफान. हर्सूलला राहायचा आणि शेंद्र्याच्या एका कारखान्यात ग्राइंडिंगच्या मशिनवर काम करायचा. त्याचा लहानपणचा दोस्त तलावात बुडाला होता. खाली उतरणारं कुणी नव्हतं, म्हणून लोक काठावरून गळ टाकत बसले आणि त्या दोस्ताची आई तिथेच दगडावर बसून होती. हे त्यानं एकदाच सांगितलं, बुटाची लेस बांधत, मान वर न करता. पथकात यायचं म्हणून त्यानं पुढचे तीन महिने रात्रपाळी मागून घेतली होती.

सरांनी आमची जोडी लावली. मग डोक्यावर टॉवेल टाकून, फक्त हातातल्या होकायंत्राकडे बघत चालायचा सराव सुरू झाला. एक हात समोर ताठ, दुसऱ्या हातानं त्याचं कोपर धरायचं, यंत्र त्या दुसऱ्या हातात, नाकासमोर. म्हणजे यंत्र, हात आणि अंग मिळून एकच बाण होतो. काटा आपल्या जागी राहतो, फिरतो तो आपण. ही गोष्ट वाचताना सोपी वाटली होती. मैदानावर टॉवेलखाली मला ती पहिल्यांदा कळली, आणि टॉवेल काढला तेव्हा मी कडुलिंबाच्या बुंध्यापाशी होते. क्रिकेट खेळणारी पोरं टाळ्या वाजवत होती. त्यांना वाटलं भूत उतरवायचा कार्यक्रम चाललाय.

त्या दिवसांत मला प्रश्नांनी झपाटलं होतं. आवाज पाण्यात जास्त वेगानं जातो म्हणून दोन्ही कानांना तो जवळजवळ एकदमच पोचतो आणि कुठून आला ते कळत नाही, हे मी पोहण्याच्या तलावात दोन चमचे आपटून तपासलं. इरफान मागे वाजवायचा, मी पुढे बघायचे, आणि तो पोट धरून हसायचा. पाण्याखाली हसलं की बुडबुड्यांचा गुच्छ निघतो. अंतर मोजायचं ते पाय मारण्यावरून, कारण खाली दुसरं मोजमाप नाही. समुद्राच्या तळाशी वाळूला लाटांच्या वळ्या पडतात, त्या बहुतेक किनाऱ्याला समांतर असतात, असं सरांनी सांगितलं. आमच्याकडे वाळू नव्हती. आमच्याकडे दौलताबादच्या वाटेवर एक जुनी दगडाची खदान होती, पाण्यानं भरलेली, आणि तिच्यात हात लांब केला तर बोटं दिसायची नाहीत इतकं हिरवं पाणी. सर म्हणाले इथे उतार बघा, उजेड कुठल्या अंगानं जास्त आहे ते बघा, आणि या दोन्हींवर यंत्राइतका भरवसा ठेवू नका.

अशा पाण्यात जोडीनं जायची एक पद्धत असते. यंत्र ज्याच्या हातात तो वाट दाखवतो. दुसऱ्यानं त्याचं कोपर धरायचं, खोली आणि हवेचा दाब बघायचा. कोपर दोनदा ओढलं की थांबायचं. बोलता येत नाही, भांडता येत नाही. आणि काही झालं तरी कोपर सोडायचं नाही. सर काठावर बसून बुडबुडे बघायचे. जोडी एकत्र असेल तर बुडबुडे एकाच जागी फुटतात. सर म्हणायचे दिशा चुकली तर मी शिकवीन, जोडीदार सुटला तर मी घरी पाठवीन.

परीक्षा खदानीतच होती, सकाळच्या उन्हात. पूर्वेच्या पायऱ्यांपासून निघायचं, पश्चिमेच्या काठाला दोरीनं बांधून तळाशी सोडलेलं निळं पिंप गाठायचं आणि उलट दिशेनं परत यायचं. सरांकडे वजनाचे शिशाचे पट्टे सगळ्यांना पुरतील एवढे नव्हते. वजन नसेल तर माणूस खाली टिकत नाही, बुचासारखा वर येतो. इरफाननं मार्ग काढला होता. त्यानं कारखान्यातल्या टाकाऊ लोखंडाचे ठोकळे जेवणाच्या सुटीत घासून गुळगुळीत केले होते, भोकं पाडून पट्ट्यात ओवले होते, आणि त्याचा कंबरपट्टा घसरतो म्हणून काही छातीवरच्या पट्ट्याला लावले होते. इतके सुबक होते की आणखी दोघांनी त्याच्याकडे तसेच मागितले. सरांनी हातात तोलून बघितले आणि ठीक म्हणाले.

आम्ही उतरलो. यंत्र माझ्याकडे. इरफान माझ्या उजव्या अंगाला, कोपर धरून. हिरव्यात फक्त काटा आणि त्याची मधली रेघ, आणि कानात स्वतःचा श्वास. मला त्या क्षणी इतकं शांत आणि इतकं खरं वाटलं होतं, की हेच ते, असं मनात आलं. जगात सगळीकडे गढूळ आहे आणि माझ्या हातात रेघ आहे. तेवढ्यात कोपर दोनदा ओढलं गेलं. मी काट्याकडे बघितलं. काटा रेघेवर होता. मी यंत्र त्याच्या तोंडासमोर धरून दाखवलं आणि पाय मारत राहिले. पुन्हा दोनदा ओढ लागली, मग कोपर निसटलं. आणि ते निसटताच काटा झरकन एका बाजूला गेला. मला वाटलं माझाच हात हलला. मी अंग पुन्हा काट्याप्रमाणे वळवलं आणि पुढे गेले. मागे वळून बघितलं तर हिरव्याशिवाय काही नव्हतं. जोडीदार दिसेना की वर यायचं, त्या नियमाप्रमाणे मी वर आले.

मी पिंपाच्या कितीतरी उत्तरेला, बाभळींखाली वर आले होते. इरफान दूर मधोमध डोकं काढून उभ्यानं पाय मारत होता आणि माझ्या नावानं ओरडत होता. काठावर सर उठून उभे राहिले होते.

त्यांनी इरफानला घरी पाठवलं. मी म्हणाले की तो बरोबर होता, आपण चुकीच्या बाजूला चाललोय हे त्याला उजेडावरून कळलं होतं, सूर्य पाठीशी असायला हवा होता तो उजव्या खांद्याला आला होता. सर म्हणाले, मग तू काटा सोडून गेलीस का? मी म्हणाले, नाही, काटा रेघेवरच होता. ते म्हणाले, दोन्ही खरं कसं असेल, आणि असलं तरी कोपर कुणाच्या हातातून सुटलं? इरफाननं ठोकळे पिशवीत भरले आणि दुचाकी चालू केली.

त्या रात्री मी पत्रक लिहायला घेतलं. मथळा होता, 'बुडणाऱ्याला वाचवायला निघालेल्या कामगाराला बाहेर का काढलं?' चांगलं जमत होतं. सत्ता, शिस्त, कामगार, सगळं आलं होतं. फक्त मधे मधे तो काटा आठवायचा, कोपर सुटताच झरकन फिरलेला, आणि माझी लेखणी अडायची. आई म्हणाली दिवा मालव, उद्या लिही. मी म्हटलं उद्या उशीर होईल. ती म्हणाली, कुणाला?

दोन दिवसांनी इरफान छापखान्यात आला. त्याच्या अम्मीनं आमच्यासाठी मटणाचा खलिया पाठवला होता, आणि पिशवीत ते ठोकळे होते. पप्पांना म्हणाला, "अंकल, कागद दाबायला ठेवा. मेरेकू अब कायकू लगते." त्यानं पहिला ठोकळा टेबलावर ठेवला. पत्रकं टाचायच्या पिना तिथे सांडलेल्या होत्या. त्या सरकल्या, उभ्या राहिल्या आणि ठोकळ्याला जाऊन चिकटल्या, दाढीसारख्या.

पप्पांनी यंत्र थांबवलं. मी आत जाऊन सरांनी सरावाला दिलेलं होकायंत्र आणलं आणि टेबलावर ठेवलं. इरफाननं ठोकळा उचलून होकायंत्राजवळ नेला, जेवढं त्याच्या छातीपासून माझं कोपर असेल तेवढ्या अंतरावर. काटा फिरला. लांब नेला, काटा परत आला. तो ते पुन्हा पुन्हा करत राहिला. मग खाली बसला. ग्राइंडिंगच्या मशिनवर लोखंड धरून ठेवायला चुंबकाची पाटी असते, त्यानं सांगितलं. काम झालं की तुकड्यातलं चुंबक काढून टाकायचं असतं, त्याचं वेगळं यंत्र असतं, रोजचं काम आहे. जेवणाच्या सुटीत घाई होती म्हणून त्यानं ते केलं नव्हतं.

म्हणजे मी काटा सोडला नव्हता. त्यालाही वाट बरोबर कळली होती. आणि आम्हाला भरकटवलं होतं ते त्याच्याच छातीवरच्या लोखंडानं. इतकं नीटनेटकं कोडं सुटल्याचा मला आनंद झाला, आणि मग त्याचा चेहरा बघून तो आनंद कुठे ठेवावा ते कळेना. आजवर तो अन्याय झालेला मुलगा होता. हे सरांना कळलं की तो निष्काळजी मुलगा होणार होता. मी माझं पत्रक त्याला दाखवलं. त्यानं मथळा वाचला, थोडं खालचं वाचलं.

"अच्छा लिखा है," तो म्हणाला. "फाड दे."

मी म्हणाले, सांगितलं नाही तर तू परत येऊ शकशील, सर मनातून मऊ आहेत.

"दोन पोरांनी माझ्याकडून असेच ठोकळे मागितले, करुणा. नहीं बोला तो उनका काटा फिरेगा. अन् तेव्हा खाली खरंच कुणीतरी असंल."

मी फाडलं. पत्रकं फाडताना मी पोलिसांना पाहिलं होतं. स्वतः कधी फाडलं नव्हतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं, ठोकळा होकायंत्राभोवती फिरवून बघितला आणि स्वतःवरच चिडले, कारण हातात तोलून ठीक म्हणणारे तेच होते. मग त्यांनी इरफानला विचारलं, तुला थांबायचं होतं तर कोपर का सोडलं. तो म्हणाला, ती थांबत नव्हती. मला विचारलं, तू का थांबली नाहीस. मी म्हणाले, मला वाटलं तो घाबरलाय. सर म्हणाले पुन्हा एकदा उतरा, या खेपेला यंत्र इरफानकडे आणि कोपर करुणानं धरायचं. बुडबुडे दोन जागी दिसले तर दोघंही घरी. पण वजनं शिशाचीच हवीत, आणि ती माझ्याकडे पुरेशी नाहीत.

घरी मी हे सांगितलं तेव्हा मला काही मागायचं नव्हतं. पप्पा जेवत होते. जेवून उठले, हात धुतले आणि खिळ्यांचा खण ओढून बाहेर काढला. आई म्हणाली, बरं झालं, तिथे गव्हाची कोठी बसेल, किती वर्षं सांगतेय. अंगणात शेगडी पेटवून, पत्र्याच्या डब्यात ते एकेक खिळा टाकत राहिले. टाकण्याआधी प्रत्येकाचं उलटं अक्षर बोटानं चाचपून बघायचे. इरफान वजनांच्या साच्याची माती दाबत होता. आई धुरापासून लांब उभी राहून दोघांना नाकाला फडकं बांधा म्हणून ओरडत होती. ते खिळे ठेवले असते तर आज त्यांचं काय केलं असतं, असा प्रश्न मला कुणीकुणी विचारतं. दाखवायला ठेवले असते, आणखी काय.

दुसऱ्यांदा उतरलो तेव्हा ऊन उतरणीला लागलेलं होतं. म्हणजे उजेड समोरून यायला हवा होता. मी इरफानचं कोपर धरलं आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रेघ नव्हती. होता फक्त खोलीचा आकडा आणि हिरवं. कुणाच्या तरी मागून, त्याच्या हातातलं न बघता जायचं, हे मी कधी केलेलं नव्हतं. मोर्चातही मी पुढेच असायचे. थोड्या वेळानं मला वाटू लागलं की आपण डावीकडे वळतोय. नुसतं वाटलं नाही, खात्री झाली, मैदानावर फडकं बांधून झाली होती तशीच. उजेड उजवीकडे जास्त दिसत होता. आता ओढावं तर मी भित्री, आणि न ओढावं तर आपण भलत्याच काठाला जाणार, आणि मग सगळं संपलं. त्यानं त्या दिवशी नेमकं हेच सोसलं असणार, आणि मी तर ओढल्यावरही थांबत नव्हते.

मी दोनदा ओढलं.

तो थांबला. लगेच, पुढचा पाय न मारता थांबला. वळून माझ्याजवळ आला, इतका की काचेच्या मुखवट्याला मुखवटा टेकला, आणि यंत्र आमच्या दोघांच्या मधे धरलं. मी उजेडाकडे बोट केलं. त्यानं मान हलवली, नाही म्हणून नव्हे, समजलं म्हणून. मग त्यानं माझ्याकडचा खोलीचा आकडा बघितला, छातीवर हात फिरवून शिसं चाचपलं, यंत्र त्याच्यापासून लांब, मग जवळ नेऊन बघितलं. काटा हलला नाही. आम्ही दोघं त्या हिरव्यात लोंबकळत, एकमेकांचे श्वास ऐकत थांबलो. मी वर बघितलं. उजव्या अंगाला वरून एक मोठा फिकट डाग पडला होता, खदानीच्या कड्यावर पडलेलं ऊन पाण्यात उतरलं होतं. सूर्य तो नव्हता. मी त्याच्याकडे बघून मान डोलावली. त्यानं अंगठा आणि बोट जुळवून विचारलं, ठीक? मी तसंच उत्तर दिलं. मग त्यानं हात ताठ केला, मी कोपर धरलं आणि आम्ही निघालो.

पिंप दिसलं नाही, हाताला लागलं. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी ते चाचपलं. परतीच्या वाटेवर मी त्याला एकदाही ओढलं नाही, आणि तरीही तो दर थोड्या वेळानं स्वतःहून थांबायचा, माझ्याकडे वळायचा आणि मी मान हलवल्यावरच पुढे जायचा.

पायऱ्यांवर डोकं वर काढलं तेव्हा सर काठावर बसलेले होते, तळवे गुडघ्यांवर ठेवून. ते मधे एका ठिकाणी आम्ही बराच वेळ का थांबलो होतो ते विचारतील असं मला वाटलं. त्यांनी ते विचारलं नाही. इरफानला त्यांनी विचारलं, रात्रपाळी अजून किती दिवस आहे. तो म्हणाला, महिना. सर म्हणाले, मग दिवसा झोपशील कधी, पथकाचा फोन आता तुला दिवसाही येईल. इरफान पायरीवर बसून मुखवट्यातलं पाणी काढत होता. पाणी केव्हाच निघून गेलं होतं, तरी तो मान खाली घालून मुखवटा झटकत राहिला.